निलगिरी पर्वतीय रेल्वे : मेट्टुपाळयम ते उटी, दातेरी पट्टीवरचा चढ

निलगिरी पर्वतीय रेल्वेने जायचे असेल तर मेट्टुपाळयमपासून, चढाच्या दिशेने आणि वाफेच्या इंजिनाच्या गाडीनेच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उटीला आलेले बरेच पर्यटक उटी ते कुन्नूर एवढाच टप्पा करतात, डिझेल इंजिनाच्या गाडीने खाली उतरतात आणि ही रेल्वे पाहून झाली असे समजून परततात. तो टप्पाही देखणा आहे. परंतु या मार्गाचे जे खरे वैशिष्ट्य आहे ते तिथे पाहायला मिळत नाही. ते कल्लार आणि कुन्नूर या स्थानकांच्या दरम्यान, कड्याच्या कुशीतून वर चढणाऱ्या रुळांच्या मधोमध बसवलेल्या दातेरी पट्टीत आहे. त्यामुळे या परीक्षणाचा बराचसा भाग त्याच टप्प्याबद्दल असणार आहे.

इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण त्यावाचून या चढाची कल्पना येत नाही. निलगिरीवर रेल्वे न्यावी असा प्रस्ताव प्रथम १८५४ मध्ये, म्हणजे मुंबई–ठाणे गाडी धावल्यानंतर दुसऱ्याच वर्षी मांडला गेला. प्रत्यक्ष कामाला सुरुवात होण्यास मात्र १८९१ साल उजाडले. कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ मध्ये खुला झाला आणि उटीला गाडी पोहोचली ती १९०८ मध्ये. एवढ्या दिरंगाईचे कारण डोंगर हेच होते. मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून ३२६ मीटर उंचीवर आहे आणि उटी २,२०३ मीटरवर. या दोहोंमधला जवळपास १,९०० मीटरचा फरक हा मार्ग अवघ्या ४६ किलोमीटरमध्ये ओलांडतो. त्यातही बहुतेक उंची कल्लार ते कुन्नूर या वीसेक किलोमीटरमध्येच गाठली जाते. आपल्या बोरघाटात १:३७ चा चढ आहे आणि तेवढ्यासाठीसुद्धा गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे निलगिरीतल्या १:१२ या चढाचा अर्थ उमगतो. बारा मीटर पुढे सरकताना एक मीटर वर जायचे, आणि तेही लोखंडी चाकांनी लोखंडी रुळांवरून. केवळ घर्षणाच्या भरवशावर अशा चढावर गाडी नेणे धोक्याचे असते. चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि उतारावर तर ती आवरणेच कठीण होते.

हा प्रश्न भारतात इतरत्र वेगळ्या रीतीने सोडवला गेला. दार्जिलिंगच्या रेल्वेने चढ सौम्य राखण्यासाठी स्वतःभोवती वेढे घेतले आणि काही ठिकाणी पुढे-मागे होत उंची गाठली. शिमल्याच्या मार्गाने वळणे आणि बोगदे यांची रांगच उभी केली. निलगिरीत स्वित्झर्लंडच्या रोमान आब्ट या अभियंत्याची पद्धत वापरली गेली. तिच्यात दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्यांची एक जोडी बसवलेली असते आणि इंजिनाखालची दंतचक्रे त्या दातांत अडकून गाडीला वर नेतात. या दोन पट्ट्यांचे दात एकमेकांसमोर नसून एकाचा दात तिथे दुसऱ्याची खाच अशा रीतीने मांडलेले असतात, त्यामुळे कोणत्याही क्षणी चक्राचा एक तरी दात पट्टीत घट्ट बसलेला असतो आणि गाडीची पकड सुटत नाही. भारतात अशा दातेरी पट्टीवर चालणारी प्रवासी रेल्वे ही एकमेव आहे. युनेस्कोने दार्जिलिंगला १९९९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात २००५ मध्ये निलगिरीची आणि २००८ मध्ये कालका–शिमला मार्गाची भर पडली. या तिघींत निसर्ग कुठला अधिक सुंदर, हा वाद ज्याच्या त्याच्या आवडीचा आहे. पण यंत्ररचनेच्या बाबतीत निलगिरीला तोड नाही.

गाडी मेट्टुपाळयमहून सकाळी ७:१० ला सुटते. चेन्नईहून रात्रभर प्रवास करून येणारी निलगिरी एक्स्प्रेस तिच्या आधी इथे पोहोचते आणि बरेच प्रवासी एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाऊन थेट या गाडीत बसतात. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी कोइम्बतूरला किंवा मेट्टुपाळयमलाच मुक्काम करावा, हे उत्तम. स्थानकावर थोडे लवकर पोहोचण्याचा मोठा लाभ असा, की इंजिन गाडीला जोडण्याचे काम निवांत पाहता येते. निळ्या आणि फिकट पिवळसर रंगाच्या मोजक्याच डब्यांची ही गाडी मोठ्या ब्रॉडगेज गाड्यांशेजारी फारच लहान भासते, आणि इंजिन पुढे नसून शेवटच्या डब्यामागे लावलेले पाहून अनेक नवखे प्रवासी बुचकळ्यात पडतात.

इंजिन मागे असणे हे सुरक्षेसाठी आहे. चढावर एखाद्या डब्याची जोडणी निसटलीच तर सुटलेला डबा घरंगळत खाली जाऊ नये, त्याला अडवायला उताराच्या बाजूला इंजिन उभे असावे, हा त्यामागचा विचार. त्यामुळे चढताना गाडी ढकलली जाते आणि उतरताना तेच इंजिन पुढे राहून गाडीला तोलून धरते. प्रवाशाच्या दृष्टीने याचा एक अनपेक्षित फायदा होतो. सर्वांत पुढच्या डब्यासमोर इंजिन नसल्याने मार्ग, पूल, बोगद्याचे तोंड आणि समोरून अंगावर येणारा डोंगर यांच्या आड काहीच येत नाही. त्या डब्याच्या टोकाशी उघड्या सज्जासारख्या जागेत एक कर्मचारी हिरवा आणि लाल बावटा घेऊन उभा असतो. पुढचा मार्ग मोकळा आहे की नाही हे तोच मागच्या चालकाला कळवतो. शिवाय प्रत्येक डब्यावर स्वतंत्र ब्रेक सांभाळणारा माणूस असतो आणि चालकाच्या शिट्टीचा इशारा ऐकून तो आपल्या डब्याचा ब्रेक कमी-जास्त करतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिलेली ही कामाची पद्धत आजही त्याच शिस्तीने पाळली जाते. मला या सेवेतली सर्वांत आदरणीय गोष्ट हीच वाटते, कारण या मार्गावरची सुरक्षितता यंत्राइतकीच या माणसांच्या कानांवर आणि हातांवर अवलंबून आहे.

सुटल्यानंतरचे पहिले सात-आठ किलोमीटर सपाटीचे आहेत. गाडी भवानी नदी ओलांडते, सुपारीच्या आणि नारळीच्या बागांमधून जाते आणि समोर निलगिरीची भिंत जवळ येऊ लागते. या भागात हवा दमट आणि उष्ण असते. कल्लार आले की इथून दातेरी पट्टी सुरू होते. गाडीचा वेग अगदी मंदावतो, इंजिनाखालची दंतचक्रे पट्टीवर येतात, आणि चक्राचे दात पट्टीच्या दातांत नीट बसल्याचा एक हलका धक्का डब्यापर्यंत पोहोचतो. त्या क्षणापासून गाडीचा आवाज पूर्णपणे पालटतो. सपाटीवरचा रुळांच्या सांध्यांचा ठेका मागे पडतो आणि त्याच्या जागी चाकांखालून येणारी सलग खरखर, तिच्यावर इंजिनाचे जड उसासे, असा दुपदरी नाद सुरू होतो.

हा दुपदरी नाद इंजिनाच्या रचनेतूनच येतो. या मार्गावरची 'एक्स' वर्गातली इंजिने स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर येथील कारखान्याने खास याच रेल्वेसाठी घडवली. त्यांना चार सिलिंडर असतात. वरच्या दाबाची वाफ आधी दोन सिलिंडरांत जाते आणि नेहमीची चाके फिरवते. पट्टीच्या टप्प्यात तीच वाफ वाया न घालवता उरलेल्या दोन सिलिंडरांत पाठवली जाते आणि तिच्या उरलेल्या दाबावर दंतचक्रे फिरतात. सपाटीवर या दुसऱ्या जोडीला विश्रांती असते. एकाच वाफेकडून दोनदा काम करून घेणारी ही योजना आजही रोजच्या वाहतुकीत पाहायला मिळावी, ही फार मोठी गोष्ट आहे. जुन्या स्विस इंजिनांचे आयुष्य संपत आले तेव्हा त्याच धर्तीची नवी इंजिने तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेत बांधली गेली. वारसा जपण्यासाठी वस्तू संग्रहालयात ठेवण्यापेक्षा ती नव्याने बनवण्याचे कसब टिकवणे अधिक कठीण असते, आणि इथे ते टिकवले गेले आहे. यासाठी रेल्वेच्या कारागिरांचे करावे तेवढे कौतुक कमीच आहे.

कल्लारच्या पुढे जंगल दोन्ही बाजूंनी रुळांवर झुकते. हा हत्तींच्या येण्या-जाण्याचा पट्टा आहे. ते दिसतीलच अशी अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये. हळूहळू झाडी विरळ होते आणि कातळ उघडा पडू लागतो. एका बाजूला हाताच्या अंतरावर ओला, शेवाळलेला खडक आणि दुसऱ्या बाजूला एकदम खोल गेलेली दरी, असे दृश्य वळणावळणाला अदलाबदल होत समोर येते. संपूर्ण मार्गावर २०८ वळणे, २५० पूल आणि १६ बोगदे आहेत. हे आकडे माहितीपत्रकात वाचताना डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही, पण प्रत्यक्षात त्यांची दाटी अशी आहे की एका बोगद्यातून बाहेर पडल्यावर डोळे उजेडाला सरावतात न सरावतात तोच गाडी पुलावर आलेली असते, आणि खिडकीतून खाली पाहिले तर रूळ दिसत नाहीत, थेट ओढ्याचे दगड दिसतात. पूल वळणावर असला म्हणजे मागच्या इंजिनापर्यंतची अख्खी गाडी एका नजरेत येते. ज्यांना छायाचित्रे काढायची आहेत त्यांच्यासाठी या जागा सर्वांत उत्तम. तरीही हात किंवा कॅमेरा खिडकीबाहेर काढणे टाळावे, कारण बोगद्याची भिंत आणि डबा यांच्यात फार थोडे अंतर असते.

गाडी चढते ती माणसाला सहज सोबत धावता येईल एवढ्याच वेगाने. वर जाण्याच्या संपूर्ण प्रवासाला सुमारे २९० मिनिटे लागतात, म्हणजे सरासरी वेग ताशी दहा किलोमीटरही भरत नाही. मला हा संथपणा या प्रवासाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. डोंगराची उंची वाढते तशी झाडे कशी बदलतात, हवेतला दमटपणा कुठे संपतो, खालचे मैदान धुरकट होत होत कधी नाहीसे होते, हे सगळे टिपायला पुरेसा वेळ मिळतो. शेजारच्या घाटरस्त्याने मोटारीने जाणारा माणूस हेच अंतर कितीतरी कमी वेळात कापतो, परंतु त्याचे लक्ष वळणांवर आणि समोरच्या वाहनांवर असते. ज्यांना केवळ उटीला पोहोचायचे आहे त्यांनी रस्त्यानेच जावे. त्यात कमीपणा काही नाही.

वाटेत अॅडर्ली, हिलग्रोव्ह, रनीमीड अशी जुनी स्थानके लागतात. गाव म्हणावे असे तिथे फारसे काही नाही. ही स्थानके मुख्यतः इंजिनाच्या तहानेसाठी आहेत. हे इंजिन पाणी स्वतःच्याच टाक्यांत वाहून नेते, चढावर ते झपाट्याने संपते आणि ठरावीक अंतरावर पुन्हा भरावे लागते. पाणी भरताना प्रवाशांना खाली उतरून इंजिनापर्यंत जाता येते. हिलग्रोव्हचा थांबा मला विशेष आवडला. चारही बाजूंनी डोंगर, मधे एक छोटी इमारत, पाण्याचा जाड नळ आणि वंगणाचा डबा घेऊन इंजिनाभोवती फिरणारे कर्मचारी, एवढाच तिथला पसारा. पण चाकांच्या मधून दिसणारी ती दातेरी पट्टी जवळून आणि शांतपणे पाहण्याची संधी इथेच मिळते. रुळांच्या माथ्यापेक्षा ती किंचित उंच असते आणि सततच्या घासण्याने तिचे दात चकचकीत झालेले असतात. माकडांपासून मात्र खाण्याच्या वस्तू जपाव्यात, आणि त्यांना स्वतःहून काही देऊ तर मुळीच नये.

सोयींविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण आधुनिक गाडीची अपेक्षा ठेवून येणाऱ्याचा हिरमोड होऊ शकतो. डबे जुन्या धाटणीचे आणि अरुंद आहेत. समोरासमोरच्या बाकांवर बसल्यावर गुडघ्यांना फारशी जागा उरत नाही. प्रत्येक कप्प्याला बाहेरून स्वतंत्र दार आहे आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जाता येत नाही, त्यामुळे ज्या सोबत्यांबरोबर आपण बसलो त्यांच्याचबरोबर पुढच्या थांब्यापर्यंत राहावे लागते. गाडीत स्वच्छतागृह नाही. ती सोय स्थानकांवरच. लहान मुले आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर ही गोष्ट आधीच लक्षात घेऊन थांब्यांचा उपयोग करावा. मोठ्या बॅगांना जागा नसल्याने सामान आटोपशीर असावे. पहिल्या वर्गात बाक मऊ असतात आणि गर्दी कमी असते, तेवढ्यासाठी अधिक पैसे मोजणे मला योग्य वाटते. मात्र दुसऱ्या वर्गातल्या खिडकीजवळच्या जागेवरून दिसणारा डोंगर काही वेगळा नसतो. पुढच्या डब्यात जागा मिळाली तर समोरचा देखावा अधिक चांगला दिसतो, मागच्या डब्यात मिळाली तर इंजिनाचा आवाज आणि वाफ अधिक अनुभवता येते. बोगद्यात शिरताना मागच्यांनी खिडक्या लावून घेतलेल्या बऱ्या, कारण इंजिन कोळशावर चालणारे असो वा तेलावर, थोडा धूर डब्यात येतोच. मला विचाराल तर मी मागचा डबा निवडेन.

आरक्षण ही या प्रवासातली खरी अडचण आहे. रोज चढणारी गाडी एकच, तिचे डबे मोजके आणि मागणी देशभरातून. सुट्ट्यांच्या हंगामात आरक्षण खुले झाल्यावर जागा फार लवकर भरतात, म्हणून उटीचा बेत आखताना आधी गाडीचे तिकीट आणि मग हॉटेल, असा उलटा क्रम ठेवावा. इंजिनाची ताकद आणि चढ यांचे गणित पक्के असल्यामुळे गर्दी आहे म्हणून वाटेल तेवढे डबे जोडता येत नाहीत, हे समजून घेतले पाहिजे. दुसरी गोष्ट ऋतूची. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस या उतारांवर जोरात कोसळतो, दरडी रुळांवर येतात आणि कल्लार ते कुन्नूर हा टप्पा अनेकदा काही दिवस बंद ठेवावा लागतो. याच काळात धबधबे भरलेले आणि डोंगर हिरवेगार असतात, हे खरे. पण ज्यांचा सगळा बेत या एका गाडीवर अवलंबून आहे त्यांनी जानेवारी ते मार्च हे महिने निवडावेत.

कुन्नूर साधारण १,७०० मीटर उंचीवर आहे आणि दातेरी पट्टी इथे संपते. वाफेच्या इंजिनाचे काम पूर्ण होते आणि पुढच्या टप्प्यासाठी डिझेल इंजिन लागते. या मार्गाच्या वाफेच्या इंजिनांची शेड इथेच आहे. स्थानकाची मांडणीही पाहण्यासारखी आहे : उटीकडे निघताना गाडी आधी थोडे अंतर उलट्या दिशेने जाते आणि मग पुढच्या चढाला लागते. वेळ असेल तर कुन्नूरलाच उतरून एखादी रात्र राहावे आणि उरलेला टप्पा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीने करावा. तीन तासांहून अधिक काळ कड्यांकडे पाहिल्यानंतर डोळे थकलेले असतात आणि पुढचा भाग वेगळ्या मनाने पाहण्यासारखा आहे.

या वरच्या भागात डोंगराचा रांगडेपणा ओसरतो. चहाचे मळे, निलगिरीची उंच झाडे, उतारांवरच्या पायऱ्यापायऱ्यांची भाजीपाल्याची शेते आणि त्यांच्यामध्ये विखुरलेली रंगीत घरे दिसू लागतात. वेलिंग्टनला लष्कराची छावणी आहे, अरुवंकाडूला स्फोटके बनवणारा जुना सरकारी कारखाना; केट्टीजवळ दरी एकदम रुंदावते आणि तिचा विस्तार पाहून डबाभर लोक खिडक्यांकडे सरकतात. लव्हडेलनंतर उटी फार दूर नसते. चढ इथेही आहे, पण तो एवढा तीव्र नाही की पट्टीची गरज पडावी, आणि डिझेल इंजिन तो विनासायास चढते. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे किंवा ज्यांना खालच्या गाडीचे तिकीट मिळाले नाही, त्यांनी कुन्नूर–उटी हा तासा-दीड तासाचा प्रवास जरूर करावा. त्याच्या गाड्या अधिक आहेत आणि जागाही तुलनेने सहज मिळते.

उतरण्याचा प्रवास चढण्याइतका प्रभावी नाही, तरी त्याचेही स्वतःचे मोल आहे. दुपारी उटीहून निघालेली गाडी सुमारे २१५ मिनिटांत मेट्टुपाळयमला येते. कुन्नूरच्या खाली इंजिनाचे कष्टाचे उसासे ऐकू येत नाहीत. त्याऐवजी चालकाच्या शिट्ट्या आणि त्यांच्यामागोमाग प्रत्येक डब्यावर आवळले जाणारे ब्रेक ऐकू येतात. चढताना ज्या यंत्राची ताकद दिसली, त्याचाच संयम उतरताना दिसतो. रेल्वेच्या कामकाजात रस असणाऱ्याने दोन्ही दिशांनी प्रवास करावा. एकच दिशा शक्य असेल तर सकाळची, चढाची गाडी घ्यावी आणि परतीला घाटरस्त्याने बसने खाली यावे. त्या वाटेवर अधूनमधून दरीपलीकडच्या कड्यावर रेल्वेचा मार्ग दिसत राहतो, आणि आपण सकाळी नेमके कुठून वर आलो हे तेव्हा दुरून नीट पाहता येते.